आधी गुन्हा शाबीत करा, मग सुधारू

तुरुंगाला नुसतं तुरुंग म्हणायचे दिवस गेले. महाराष्ट्राचं खातं आता ‘कारागृह व सुधारसेवा विभाग’ आहे आणि ‘सुधारणा व पुनर्वसन’ हे त्याचं ब्रीद. पाटी झकास आहे. फक्त सुधारायला आत कोण बसलंय, तेवढं विचारू नये.

विचारलंच तर सरकारी आकडे सांगतात, की २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ जणांची आणि बंदी होते ५,७३,२२०. त्यांत कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालूच आहे असे, ४,३४,३०२. पाहुण्यांनीच पंगत उठवावी तसा हा हिशोब. गुन्हा शाबीत झालेल्यांसाठी अख्ख्या देशात जेमतेम दोन हजार जागा उरतात आणि ते आहेत लाखाच्या वर. मग गच्च भरलेल्या बराकीत रात्री एकाने कूस बदलली, की सगळ्या रांगेला बदलावी लागते. सुधारणेची सामूहिक कवायत ती हीच असावी.

आपल्याला दुसरी रीत ठाऊक नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरने राजेसाहेबांच्या पाठिंब्याने स्वतंत्रपूर वसवलं. भिंत नाही, कैदी शेती करणार, बायकामुलांसह राहणार. त्याच तालुक्यातल्या माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि बर्लिनहून बक्षीस आणलं. त्यातली प्रार्थना शाळाशाळांतून पाठ झाली. वसाहत अजून आहे. पण चित्रपट देशभर पोचला, वसाहत आटपाडीतच राहिली.

शिवाय अशा खुल्या कारागृहात जायचं तर आधी शिक्षा लागावी लागते. मग वर्तणूक चांगली हवी, काही वर्षं बंद भिंतीआड काढलेली हवीत. कच्च्या कैद्याला तिथे थारा नाही. खुनाची शिक्षा भोगणारा मोकळ्या रानात भाजी लावतो आणि जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेला पाकीटमार पुढच्या तारखेची वाट बघत बराकीतच असतो. बिचाऱ्याने एकदाचा गुन्हा कबूल करून टाकावा, निदान हवा तरी लागेल.

कर्जाचंही तसंच. राज्य सहकारी बँकेची २०२२ सालची ‘जिव्हाळा’ योजना खरोखर चांगली आहे: कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, फेड तुरुंगातल्या मजुरीतून. घरखर्च भागतो, वकिलाची फीही. पण मजुरी मिळणार सक्तमजुरीवाल्याला! वकिलाची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याला कामाची सक्ती नाही, म्हणून हमखास मजुरी नाही.

आणि ज्याचं घर फुटलं, तो फिर्यादी? कैद्याच्या मजुरीतला काही वाटा पीडिताला मिळावा असा कायदा राज्यांनी करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच सांगितलं. चारांतले तीन कच्चेच असतील, तर त्यातून वाटा तो किती निघणार?

सुटकेची तर बातच न्यारी. बिहारच्या रुदल शाहला कोर्टाने १९६८ साली निर्दोष सोडलं. तुरुंगाने १९८२ साली. तो वेडसर होता, असा खुलासा सरकारने केला. तो ठीक असल्याचं डॉक्टरांनी १९७७ मध्येच कळवलं होतं. तो कागद टेबलावरून हलायला आणखी पाच वर्षं लागली. या चौदा वर्षांपोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली तूर्त पस्तीस हजार रुपये देवविले.