ब्रंच आणि मेथीची जुडी

न्याहारी हुकली, जेवणाला अवकाश आहे, अशा अवस्थेतल्या खाण्याची १८९५ साली इंग्लंडात गाय बेरिंजर या लेखकाने लेख लिहून 'ब्रंच' म्हणून वकिली केली. शनिवारी रात्री उशिरा झोपणाऱ्यांवर त्याची विशेष माया होती. नाशिककर याच अवस्थेत मिसळ खातात. लेख तेवढा लिहायचा राहिला.

मुंबईचा पर्यटक मात्र रीतसर ब्रंचच करतो. त्यासाठी तो नाशिक शहराबाहेरच्या मळ्यात जातो. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरले की त्याला अस्सलपणा जाणवतो. घरी फोडणीचा धूर झाला तर तो चिमणी दुरुस्त करणाऱ्याला फोन लावतो. रस्सा, दही, पापड यांचे फोटो होईतो तर्री निवते.

मग बाजार.

भांडी बाजारात पितळी हंडा पाहून त्याला आजी आठवते. आजीचा असाच हंडा घरच्यांनी मोडीत घालून स्टीलचे डबे आणले होते, ते आठवत नाही. 'गंगे'वर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात तो मेथीच्या जुडीमागे पाच रुपये सोडवून घेतो आणि वाईनच्या बाटलीची छापील किंमत निमूट मोजतो.

परतीच्या गाडीत चिवडा, हंडा, बाटली आणि मेथी. कसारा येईपर्यंत मेथीने मान टाकलेली असते.