नळाचं मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं म्हणतात. हा सल्ला देणाऱ्याच्या घरात नळ नसावा. नळाचं मूळ शोधावंच लागतं, आणि तेही बहुधा रविवारी, हार्डवेअरची दुकानं बंद असताना.

पाण्याची खोडच अशी की ते निसटतं एकीकडे आणि उगवतं भलतीकडे. दोष न्हाणीघरातल्या फरशीच्या सांध्यात असतो आणि पोपडे येतात हॉलच्या भिंतीला. आपण पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, रंग देतो, वर एक कॅलेंडरही टांगतो. पुढच्या पावसाळ्यात ओलीचा तोच नकाशा एखाद्या नव्या बेटासह कॅलेंडरच्या बाहेर डोकावतो.

त्या मानानं गळका नळ सरळमार्गी. जिथं बिघडतो तिथंच गळतो. जुन्या फिरकीच्या नळात आत रबरी वॉशर असतो. तो झिजला की नळ ठिबकतो आणि घरातला जो तो आपली ताकद त्याच्यावर आजमावतो. जितकं पिळावं तितका वॉशर चिरडतो आणि तितकं जास्त ठिबकतं. मग नळ बंद करायची त्या घराची खास पद्धत ठरते: आधी जरा डावीकडे दाबायचा, मग किंचित उचलायचा, मग हळूच सोडायचा. पाहुण्यांना चहाच्या आधी ही दीक्षा मिळते. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे कितीतरी लिटर पाणी वाया जातं. वॉशर मात्र काही रुपयांचा. खालचा अँगल कॉक बंद करून, पान्यानं नळ उघडून तो बदलता येतो. हल्लीच्या पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळांत सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथं पिळायला काही उरलेलंच नाही. आतला अख्खा भाग बदलायचा.

फ्लशची टाकी याहून बेरकी. ती आवाज न करता, रात्रंदिवस, बारीक धारेनं पाणी सोडत राहते. तिला पकडायला कपड्यांच्या निळीचे चार थेंब पुरतात. टाकीत नीळ टाकायची, फ्लश न करता वीसेक मिनिटं थांबायचं. खाली भांड्यात निळाई उतरली तर टाकीच्या तळाचं रबर नीट बसत नाही, हे सिद्ध झालं. मात्र प्रयोगाची कल्पना घरात सगळ्यांना द्यावी. नाहीतर निळं पाणी बघून घरातलं वडीलधारं माणूस थेट डॉक्टरांना फोन लावतं.

मे महिन्यात गावाला जाऊन आलेल्यांना कुलूप उघडताच वास येतो. आधी मेलेल्या उंदराचा संशय, मग शेजाऱ्यांचा. खरं कारण नहाणी ट्रॅपमध्ये असतं. मोरीच्या जाळीखाली कायम थोडं पाणी साचून राहतं आणि गटाराच्या हवेला वर यायची वाट अडवतं. महिनाभर कुणी आंघोळच केली नाही की ते उन्हानं उडून जातं. उपाय एवढाच की प्रत्येक मोरीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचं. वास अडवायला पाणीच वापरायचं, या युक्तीच्या जोरावर लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ साली शौचकूपाचं पेटंट घेतलं. त्यानं भांड्याखालची नळी वळवली आणि त्या वळणात पाणी अडवलं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण म्हणतो. इथं नळीच वाकडी, आणि ती वाकडी आहे म्हणून घर राहण्याजोगं आहे.

खरी कसोटी छताला ओल आल्यावर लागते, कारण तिथं दोन मजल्यांचे संबंध गुंतलेले असतात.

"काकू, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्याकडे उतरतंय हो."

"छे! आमच्याकडे तर सगळं कोरडं ठणठणीत आहे."

काकू खरंच बोलत असतात. पाणी खाली गेल्यावर वर कोरडंच राहणार.

अशा वेळी चांगला प्लंबर लगेच हातोडा काढत नाही. तो आधी, "हे काम कुणी केलंय हो?" असं विचारून आधीच्या प्लंबरचा उद्धार करतो. तो विधी आहे. कधीकधी आधीचा प्लंबर तो स्वतःच असतो. मग मात्र तो कामाचं विचारतो: "कधी वाढतं?" ओल चोवीस तास सारखीच असेल तर दाबाची पाइपलाइन झिरपत असावी. आंघोळी उरकल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसाळ्यात उगवत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. पाणी 'कुठे' याबाबत बेलाशक थापा मारतं, 'केव्हा' याबाबत मात्र फारसं नाही. म्हणून चार दिवस नुसतं बघत बसणं हीही दुरुस्तीच असते, फक्त ती घरच्यांना पटवता येत नाही. "नुसते बघत काय बसलाय?" या प्रश्नाला "निरीक्षण करतोय" हे उत्तर आजवर कुठल्याही घरात मान्य झालेलं नाही.

एकच 'कुठे' मात्र आधीपासून पाठ हवं: मेन कॉक कुठे आहे ते. पाइप फुटल्यावर पहिलं काम तो बंद करायचं. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी जागचा हलत नाही, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी तो एकदा बंद करून उघडावा आणि घरातल्या लहानथोरांना दाखवून ठेवावा. नाहीतर तो गच्चीवर आहे की जिन्याखाली, ही चर्चा घोट्याएवढ्या पाण्यात, पायजमा गुडघ्यापर्यंत धरून करावी लागते. आणि त्या अवस्थेत कुठल्याही कुटुंबाचं एकमत होत नाही.