बाटलीला मतदान, गावाला अधिसूचना

महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर सरकार लोकांना विचारते. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदानाची तारीख लागते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते, एक आडवी. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकानाला टाळे लागते. राज्यात ठिकठिकाणच्या बायांनी हे करून दाखवले आहे. ही तरतूद मला मोलाची वाटते. जे तिथे राहतात आणि ज्यांना ते भोगावे लागते, त्यांचा शब्द शेवटचा, हे तत्त्व तिने मान्य केले आहे.

गावातले दुकान बंद करायला मतदान लागते. गावाचे सरकार बंद करायला मात्र मंत्रालयातली एक सही पुरते. हा अनुभव घ्यायचा असेल तर वसईत या, गिरीजला या.

गिरीज वसईच्या पश्चिम पट्ट्यातले गाव. वाड्या, विहिरी, बावखले म्हणजे छोटी तळी यांच्या आधाराने जगलेला हा मुलूख. गावच्या हिराडोंगरीला वज्रगड म्हणतात आणि मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेच्या आठवणी या टेकडीशी जोडलेल्या आहेत. या पट्ट्याने राज्यकर्ते खूप पाहिले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथेच तह केला आणि आपले स्वातंत्र्य इंग्रजांच्या हवाली केले. यातल्या कोणीही इथल्या बागायतदाराला, कोळ्याला, आगऱ्याला विचारले नाही. त्या काळी कुठलाच राजा रयतेला विचारत नसे. प्रजासत्ताकाने विचारायला हवे होते.

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका तिच्यात गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ५३ गावे. गावांनी विरोध केला. मोर्चे निघाले, उपोषणे झाली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत या आंदोलनाचे नेते विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून निवडून आले. ३१ मे २०११ रोजी सरकारने २९ गावे महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली. गिरीज त्यांत होते. महापालिका उच्च न्यायालयात गेली, अधिसूचनेला स्थगिती मिळाली आणि गावे अधांतरी राहिली. कागदावर वगळलेली, कर भरताना सामील. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने वगळण्याचा तो निर्णयच मागे घेतला.

या पंधरा वर्षांत गावे आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. दर वेळी ठरवणारे वेगळे होते, पण गिरीजच्या मतदाराच्या हाती या एका प्रश्नाची मतपत्रिका एकदाही पडली नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची कहाणी हीच आहे. २००२ मध्ये ती महापालिकेतून बाहेर गेली, २०१५ मध्ये आत आली, २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा बाहेर काढली, आणि त्याच वर्षाअखेर उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पत्त्यांचा डाव पिसावा तशी माणसांची गावे पिसली जातात.

हे घडू शकते, कारण राज्यघटनेने तशी मोकळीक ठेवली आहे. ७४ व्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद २४३-क्यू वाचा. कुठला भाग मोठे नागरी क्षेत्र ठरवायचा, हे राज्यपालांनी, म्हणजे प्रत्यक्षात राज्य सरकारने ठरवायचे. त्यासाठी काय पाहायचे? लोकसंख्या, लोकसंख्येची घनता, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, शेतीबाहेरच्या रोजगाराचे प्रमाण, आर्थिक महत्त्व, आणि सरकारला योग्य वाटतील ते इतर निकष. तिथे राहणाऱ्यांची इच्छा या यादीत नाही. सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणून जिचा गौरव होतो, त्या दुरुस्तीत माणसांची डोकी मोजायची सोय आहे. त्या डोक्यांत काय आहे, हे विचारायची नाही.

यात गावाचे नेमके काय जाते? सर्वांत आधी ग्रामसभा जाते. ग्रामसभेत गावचा कुठलाही मतदार उभा राहून सरपंचाला तोंडावर विचारू शकतो की पैसे कुठे गेले. वहीत ठराव लिहिला जातो आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. महापालिकेत अशी सभा प्रत्यक्षात भरत नाही. तिथे ११५ नगरसेवक आहेत. २०११ च्या जनगणनेतली सव्वाबारा लाखांच्या घरातली लोकसंख्या धरली तरी एका नगरसेवकामागे दहा हजारांहून अधिक माणसे येतात. त्यातही बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक, म्हणजे चाळीस हजारांवर माणसांचे चार प्रतिनिधी, आणि जबाबदारी कोणा एकाची नाही. ग्रामपंचायतीत मात्र गाव कितीही लहान असो, किमान सात सदस्य असतात आणि ते शेजारच्या आळीत राहतात.

आणि हे नगरसेवक तरी असले पाहिजेत ना? २०२० च्या जूनमध्ये महापालिकेची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करा, असे घटना सांगते. इथे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचे राज्य चालले. करोना आला, मग ओबीसी आरक्षणाचा वाद आला. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, तेव्हा कुठे राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका हलल्या. म्हणजे गिरीजकरांकडून ग्रामपंचायत काढून घेतली, बदल्यात महापालिका दिली आणि तिच्यातलाही मतदानाचा हक्क पाच वर्षे टांगून ठेवला. कराची वसुली मात्र एक दिवसही टांगली नाही.

महापालिकेच्या बाजूचा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि त्यात दम आहे. पावसाचे पाणी गावाच्या शिवेवर थांबत नाही. सांडपाणी, कचरा, मोठे रस्ते, धरणातून येणारे पाणी ही कामे सात-नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीला झेपत नाहीत. ग्रामपंचायती काही संतांच्या नव्हत्या, तिथेही बेकायदा बांधकामांकडे डोळेझाक झाली. हेही खरे की २०१४ मध्ये वसईची आमदारकी महापालिकेच्या बाजूच्या बहुजन विकास आघाडीकडे गेली, तेव्हा सगळी वसई महापालिकेच्या विरोधात आहे असे कोणी म्हणू नये.

मग विचाराच ना! आमदारकीच्या निवडणुकीत शंभर गोष्टींचा कौल एका बटणात कोंबलेला असतो. त्यातून कोणी आपल्याला हवा तो अर्थ काढू शकतो. प्रश्न वेगळा विचारला तर उत्तर स्वच्छ मिळेल. कदाचित गिरीज महापालिकेच्या बाजूने कौल देईल आणि निर्मळ गाव विरोधात. कदाचित पाण्यासाठी एकत्र यायचे पण बांधकाम परवानगी आपल्याकडे ठेवायची, असे काही गावे म्हणतील. पाण्याची वाहिनी एकत्र टाकण्यासाठी ग्रामसभा बरखास्त करावी लागत नाही, करार करता येतो.

मोठे सरकार आले की शिस्त येते, या दाव्याची तर वसई-विरारने राखरांगोळी केली आहे. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या. कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जमिनीवर त्या वर्षानुवर्षे उभ्या होत्या, हे कोणाला दिसले नव्हते का? बेघर झाली ती पै-पै जोडून खोली घेणारी माणसे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ जीव गेले. तीही बेकायदा इमारत. परवानगीची सत्ता जितकी एका टेबलावर गोळा होते, तितकी त्या टेबलाची किंमत वाढते. हे कुणा एका अधिकाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून नाही. उपाय एकच, टेबल लहान करा आणि ते लोकांच्या नजरेसमोर ठेवा.

बेकायदा बांधकामांच्याच प्रकरणात याच महापालिकेच्या माजी आयुक्तांना ऑगस्ट २०२५ मध्ये ईडीने अटक केली आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली. आरोपांचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. पण आयुक्तपदावर राहिलेल्या माणसालाही बेकायदा डांबता येते, तर गिरीजच्या वाडीवाल्याने कोणाच्या भरवशावर राहायचे? आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या बाबतीतही अटकेचा नियम पाळला गेला पाहिजे. स्वातंत्र्याची कसोटी तिथेच लागते.

सरकार म्हणेल, आम्ही हरकती आणि सूचना मागवतो की. मागवता खरे. मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ या प्रादेशिक आराखड्याच्या मसुद्यावर वसईतून हजारो हरकती गेल्या, कारण हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाव वाढणार होता. राज्याच्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. त्यांतून मोजके बदल झाले आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. उघड विरोध नोंदवणारा आमदार एकच निघाला, आमच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणूचे माकपचे विनोद निकोले. त्यांचे अर्थशास्त्र मला बिलकूल पटत नाही. त्या दिवशी ते बरोबर होते आणि बाकीचे सभागृह चूक होते.

त्या विधेयकात प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे हेही बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बसवले आहे. आज निशाणा कडव्या डाव्या संघटनांवर आहे असे सांगितले जाते. पण कायद्याचे शब्द सांगणाऱ्यापेक्षा जास्त जगतात. उद्या एखाद्या गावच्या समितीने महापालिकेचा कर भरू नका अशी हाक दिली, तर तिला या व्याख्येत ओढायला किती वेळ लागेल? पालघरला हे शिकवावे लागत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि त्याला पसंती देणाऱ्या दोन तरुण मुलींना पालघरमध्ये अटक झाली. त्यासाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरही त्या मेलेल्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवत राहिले, आणि २०२१ मध्ये ते ऐकून न्यायालयही चकित झाले. एकदा दिलेली सत्ता न्यायालयाने काढून घेतली तरी सहज सुटत नाही. म्हणून ती देतानाच हात आखडता घ्यायचा असतो.

सरकारने कमीत कमी करावे आणि जे करावे ते विचारून करावे, हा विचार परदेशातून आणलेला नाही. शेतकरी नेते शरद जोशींनी हेच सांगितले. सरकार तुमचा तारणहार नाही, ते तुमच्या छातीवर बसले आहे. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तो याच भूमिकेतून. त्यांच्याही आधी सुधारक आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवून व्यक्तीचे स्वातंत्र्य सरकार आणि समाज दोघांपुढेही ठामपणे मांडले.

दोघांपुढेही, हे विसरून चालणार नाही. गाव हीसुद्धा सत्ताच आहे. जातपंचायतींनी माणसे वाळीत टाकली, म्हणून महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. ग्रामसभेला बहुमताने शेजाऱ्याची जमीन, जेवण, लग्न किंवा प्रार्थना ठरवण्याचा अधिकार असू नये. तिला अधिकार हवा तो स्वतःवरच्या सरकारला हो किंवा नाही म्हणण्याचा.

हे अशक्य नाही, घडलेले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगडमध्ये पेण परिसरातल्या २२ गावांत रिलायन्सच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल (सेझ) प्रशासनानेच लोकांचे मत घेतले. ओडिशात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर नियमगिरी डोंगरातल्या बारा ग्रामसभांनी वेदांता कंपनीच्या खाणीला नकार दिला आणि खाण थांबली. राज्य कोसळले नाही.

म्हणून मागणी साधी आहे. महापालिकेची हद्द वाढवताना किंवा घटवताना प्रत्येक गावात गुप्त मतदान घ्या आणि त्याचा निकाल सरकारवर बंधनकारक करा. राज्याच्या महापालिका कायद्यात ही दुरुस्ती करायला विधिमंडळाला कोणी अडवलेले नाही. नामंजूर केलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी, सकारण उत्तर द्या. मुदत संपलेल्या महापालिकेत सहा महिन्यांत निवडणूक झाली नाही, तर प्रशासकाला नवा कर लावण्याचा आणि विकास आराखडा बदलण्याचा अधिकार राहू नये.

सुरुवात या २९ गावांपासून करा. मतपत्रिका कशी छापायची, पेट्या कुठे ठेवायच्या, मोजणी कशी करायची, हे तुमच्या उत्पादन शुल्क खात्याला आणि महसूल खात्याला आधीपासून येते. फक्त बाटलीच्या जागी गावाचे नाव घाला.