फेब्रुवारीचे शंभर

महिना जितका आखूड, तितका कर लांब, असा आपल्या महाराष्ट्राचा न्याय आहे. नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कराचे अकरा महिने २०० रुपये कापतात, अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत मात्र ३००. बिचाऱ्याचे दोन-तीन दिवस आधीच गेले, वर हा भुर्दंड!

कारण साधे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २७६ने या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये ठरवली. तिचे बारा समान हप्ते करायचे तर येतात २०८ रुपये ३३ पैसे. सुटे पैसे कोण शोधत बसणार? उरलेले शंभर फेब्रुवारीच्या गळ्यात.

कोपऱ्यावरचा दुकानदार स्वतःच मालक, स्वतःच हमाल. पण नावनोंदणी केली की तोही वर्षाचे २५०० भरतो. स्वतःच्याच गल्ल्यावर बसण्याचे भाडे म्हणा ना.

ही मर्यादा १९८८च्या घटनादुरुस्तीने २५० वरून २५०० झाली. त्यानंतर तूरडाळ वाढली, शाळेची फी वाढली, रिक्षाचे मीटर वाढले; ही मात्र तिथेच. हे वाचून झाल्यावर कागद फाडून टाका. सरकारच्या लक्षात यायला नको.