मादी, प्रौढ, एक

वैशाखी पौर्णिमेला विदर्भातल्या जंगलांत हौशी माणसं रात्रभर मचाणावर बसतात. ओढे-नाले आटलेले असतात, त्यामुळे उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरांना यावंच लागतं, आणि चांदण्यात ती बॅटरीशिवाय दिसतात. पूर्वी ही गणना होती. आता वाघ मोजायचं काम झाडांना बांधलेले कॅमेरे करतात, म्हणून या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतात. म्हणजे स्वयंसेवकांच्या आकड्यांवर सरकार फारसं विसंबून नाही. हे कळल्यावर मी निर्धास्तपणे नाव नोंदवलं. आमच्या हिनेही हरकत घेतली नाही. “घरात पाल दिसली की स्टुलावर चढता. तिथे निदान आधीच चढवून ठेवतील,” एवढंच म्हणाली.

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असं करत आलापल्ली गाठायची. आष्टीला वैनगंगा ओलांडली की साग सुरू होतो आणि रस्ता संपतो. सुरजागडच्या खाणीतून लोहखनिज भरून निघालेले ट्रक समोरून येत राहतात. आलापल्लीला उतरलो तेव्हा मी, माझी पिशवी आणि पिशवीतला पांढरा सदरा, तिघेही विटकरी झालो होतो. भडक कपडे घालू नयेत अशी सूचना होतीच. ती आपोआप पाळली गेली.

आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाचा मूळच्या जंगलाचा तुकडा राखून ठेवला आहे. त्याला 2014 साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथले साग बघताना मान दुखते. बघावेत असेच आहेत.

मचाणावर आम्ही तिघं. माझ्याबरोबर पुण्याचे एक गृहस्थ होते. त्यांची लेन्स इतकी लांब होती की मचाणावर तिलाच पहिली जागा द्यावी लागली. तिसरा गावचा वनमजूर, वय साठीच्या आसपास, बोलणं बेताचं. त्याला आम्ही दादा म्हणत होतो. नियम असे: बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, विडी ओढायची नाही आणि उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही. शेवटचा नियम माझ्या वयाच्या पुरुषासाठी किती क्रूर आहे, हे तो करणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला अजून वीसेक वर्षांनी कळेल. त्यात दुपारी उन्हाचं म्हणून तांब्याभर ताक प्यायलो होतो.

चंद्र वर आला, आणि झाडीतून एक प्रचंड काळी आकृती निघून पाण्यात उतरली.

“रानम्हैस!” पुणेकर कुजबुजले. मग माझा दंड घट्ट धरून त्यांनी तिचं शास्त्रीय नाव सांगितलं, “ब्युबेलस आर्नी!”

आता हे अगदीच हवेतलं नव्हतं. आलापल्लीच्याच जिल्ह्यात सिरोंचाच्या बाजूला कोलामार्का आहे. 2013 साली ते खास रानम्हशींसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. छत्तीसगडच्या इंद्रावतीच्या जंगलाशी त्यांचं येणंजाणं असतं. छत्तीसगडचा तर तो राज्यप्राणी. महाराष्ट्रात मात्र ही जात हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच उरली आहे. त्यातली एक समोर डुंबते आहे म्हटल्यावर पुणेकरांची लेन्स थरथरायला लागली.

दादाने एकदा पाहिलं. “नाही जी. गावची हाय.”

“शिंगांचा पसारा बघा!”

“गावच्या म्हशीलेबी शिंगं असतात जी.”

पुणेकरांनी मग रानरेडे गावच्या म्हशींच्या कळपात घुसतात, त्यामुळे वंश मिसळतो आणि अस्सल रानम्हैस ओळखणं कसं अवघड होत चाललं आहे, हे मला कानात समजावून सांगितलं. माहिती खरी होती. पण कानात फुंकर बसली की पोटात कळ येत होती, एवढंच माझं म्हणणं.

तक्त्यात वेळ, प्रजाती, नर, मादी, पिल्लू, शेरा असे रकाने होते. पुणेकरांनी ‘मादी, प्रौढ, एक’ लिहिलं आणि शेऱ्यात ‘दुर्मीळ’ लिहून दोनदा अधोरेखित केलं. मग फोटो सुरू झाले. डावीकडून, उजवीकडून, तोंडावर शेवाळ असताना, नसताना. आमच्या लग्नात फोटोग्राफरने एवढा उत्साह दाखवला नव्हता.

मनसोक्त लोळून झाल्यावर बाई उठल्या, थेट आमच्या झाडाखाली आल्या आणि शिडीला पाठ घासू लागल्या. मचाण हललं. तक्ता खाली गेला, पाठोपाठ माझी पाण्याची बाटली गेली आणि शेवटी शिडी आडवी झाली. त्याच झटक्याने म्हशीच्या गळ्यातली, चिखलाने बुजलेली लाकडी घंटा मोकळी झाली आणि खडखड वाजली.

कोणी काही बोललं नाही. नियमच होता तसा.

पुणेकर थोड्या वेळाने म्हणाले, “घंटा नंतरही बांधलेली असू शकते.” दादा तोंडावर गमछा दाबून हसत होता. तक्ता म्हशीच्या खुराखाली, आणि मी मचाणाच्या कडेला मांडी आवळून बसलेला.

मध्यरात्र उलटल्यावर पलीकडच्या काठावर पाचोळा वाजला. अस्वल. तिच्या पाठीवर केसांत बोटं रुतवून पिल्लू बसलेलं. ती पाण्याशी आली, थांबली, म्हशीकडे पाहिलं. म्हैस एकदा फुसफुसली आणि रवंथ करत राहिली. अस्वलीण वाकून प्यायली. पिल्लू घसरत मानेपर्यंत आलं, मग परत वर सरकलं. तेवढा वेळ मला ताक आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. पुणेकरांनी बटण दाबलं. कार्ड भरलं होतं. सगळ्या म्हशीच.

उजाडता उजाडता एक म्हातारी आली. तेंदूपानाचा हंगाम होता, पानं तोडायला निघाली होती आणि वाटेत म्हैस शोधत होती. हातात एक कोयता, बाकी काही नाही. आम्हाला रात्री त्या झाडापर्यंत सोडायला जीप आणि काठ्या घेतलेले गार्ड आले होते. जिल्ह्यात वाघांनी माणसं मारल्याच्या बातम्या आम्ही वाचून आलो होतो. तिला त्या वाचायची गरज नव्हती, ती त्याच वाटेने रोज जाते. पहाटे एकट्या बाईला जंगलात शिरावं लागतं याला कोणी ‘निसर्गानुभव’ म्हणत नाही. मला त्या क्षणी आमच्या शिट्ट्यांची, टोप्यांची आणि ओळखपत्रांची फार चीड आली.

तिने वर पाहिलं. दादाला माडिया बोलीत काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं. मग ती खाली बसून हसली. हसून झाल्यावर तिने शिडी उचलून लावली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि दोघी निघून गेल्या. मी शिडीच्या पायऱ्या न मोजता उतरलो आणि झाडीत गेलो.

तक्ता वनविभागाच्या हवाली केला. दादाने त्यावरचा चिखल खरवडून दिला होता. ‘रानम्हैस’वर काट मारून ‘अस्वल, मादी एक, पिल्लू एक’ लिहिलं, आणि शेऱ्यात म्हशीचा खूर होता तो राहू दिला.

तुम्ही जाणार असाल तर वाट वाकडी करून कमलापूरला जा. राज्यातला वनखात्याचा हत्ती कॅम्प तिथे आहे. एके काळी सागाचे ओंडके ओढायला हत्ती ठेवले होते, त्यांचं हे गोत. फक्त जानेवारीत जाण्याआधी चौकशी करा. तेव्हा पायांना औषधी लेप लावून शेकायला हत्तींना दहा दिवसांची वैद्यकीय रजा असते, आणि ते पर्यटकांना भेटत नाहीत.