अठ्ठावीस मिलिमीटरचा बंदोबस्त

२८ मिलिमीटरच्या खेळण्यातल्या अंतराळ सैनिकाला पोलिसात घ्यायचं तर ना लेखी परीक्षा, ना धावण्याची चाचणी. कटरने मुंडकं उडवायचं, हेल्मेटवालं दुसरं चिकटवायचं, निळी-पिवळी पुट्टी हिरवी होईपर्यंत मळून खांद्याचं कवच घडवायचं. त्यावर सोनेरी गरुड बसला की झाला जज ड्रेड तयार!

जॉन वॅग्नर आणि कार्लोस एझ्केरा यांनी १९७७ साली ‘२००० एडी’ या ब्रिटिश कॉमिक साप्ताहिकात हा गडी उभा केला. पकडणारा तोच, शिक्षा सुनावणारा तोच, वेळ पडली तर गोळी घालणाराही तोच. वकील, तारीख, अपील असली भानगडच नाही. होती ती हुकूमशाहीची टर. पण टवाळी रंगवायला घेतली की भक्ती होते म्हणतात, ते असं.

असे सैनिक रंगवणाऱ्या छंदिष्टांची चिंता निराळीच. बुटांचा हिरवा नेमका कुठला? चेस्टप्लेटच्या कडांवर चंदेरी रंगाचा कोरडा ब्रश किती फिरवायचा? न्यायालयं गुंडाळली, त्याला कुणाची हरकत नाही. गरुडाची चोच जरा जाड झाली की मात्र रीतसर सुनावणी, साक्षीपुरावे, फेरविचार, सगळं होतं. आरोपी बिचारा अजून नुसत्या प्रायमरवर उभा.