निळ्या ड्रमाचे वारस

हिंगोलीत पाणी साठवणं ही खासगी बाब राहत नाही. घरात सोनं घेतलं तर शेजाऱ्यांना पुढच्या लग्नसराईत कळतं. गच्चीच्या पाइपाखाली ड्रम ठेवला तर त्याच संध्याकाळी कळतं.

माझा हेतू साधा होता. बोअरच्या जड पाण्यानं कुंड्यांवर पांढरे थर चढले होते, गुलाबाच्या पानांच्या कडा करपत होत्या. म्हटलं, बागेला पावसाचं पाणी पाजू. कागद-पेन्सिल घेतली. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची ५०० चौरस फूट, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. पाऊस वर्षाला ८०० मिलिमीटर धरला आणि सांडलवंडीचा पाचवा हिस्सा सोडला, तरी २९ हजार लिटर! पाच हजारी टँकर सहाच्या घरात. ही आकडेवारी मी जेवताना जाहीर केली.

"आणि ड्रम केवढा आणलाय?" बायकोनं विचारलं.

"दोनशे लिटरचा."

ती पुढं काही बोलली नाही. आमटी वाढली.

पंचांगात मृगाचं वाहन म्हैस होतं. म्हैस म्हणजे भरपूर पाऊस. पण मृग लागला तो पंचांगातच. म्हैस येता येता कुठं डुंबत बसली कोण जाणे. अखेर एका दुपारी धो धो आला. पहिलं पाणी सोडून द्यायचं असतं, कारण त्यात गच्चीचा सबंध उन्हाळा उतरतो: कबुतरांची घाण, कुरडयांचा चुरा, वाळवणातल्या मिरच्यांचं बी. मी पाइपाचं तोंड बाजूला वळवलं तशी आई ओरडली, "अरे, पाणी वाया चाललंय!" तिचाही इलाज नव्हता. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी आलेलं ज्यानं टीव्हीवर पाहिलंय, त्या मराठवाड्यातल्या माणसाला सांडतं पाणी बघवत नाही.

मग पाइप ड्रमात सोडला. पाच-सहा मिलिमीटर पावसात ड्रम भरला. त्यानंतर वारसांची रांग लागली.

पहिला हक्क आईचा. पावसाच्या पाण्यात तूरडाळ लोण्यासारखी शिजते, हे तिचं म्हणणं खरंच आहे. बोअरच्या जड पाण्यात तीच डाळ कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणे मोजून घ्यावेत अशी राहते. पातेल्यात गाळून, उकळून तिनं आपला वाटा उचलला. दुसरा हक्क बायकोच्या केसांचा. या पाण्यानं शिकेकाई कशी फेसाळते, ते तिनं माहेरी फोनवर सांगितलं. परिणामी वसमतचे मामा हळदीचे कंद घेऊन हजर झाले. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मामा कंदसुद्धा अदबीनं उचलतात. "मानांकनाची हळद आहे जावईबापू, हिला बोअरचं पाणी दाखवू नका," असं बजावून, जाताना त्यांनी त्याच पाण्यानं मोटारसायकल धुतली.

शेजारचे काका रिकामी बाटली घेऊन आले. "सर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला एवढं द्या." दुकानात त्यासाठी वेगळं पाणी विकत मिळतं हे मी सांगितलं. "तेच म्हणतो मी," काका म्हणाले, "विकत कशाला घ्यायचं?" यावर कुणाकडं उत्तर असेल तर कळवावं.

एवढं होऊन ड्रम अर्ध्यावर होता, तेव्हा आशाताई आल्या. "सर, आज कोरडा दिवस. हा उलटा करा." डेंग्यूचा डास स्वच्छ, साठल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची फौज उठते, हे त्यांनी समजावलं. त्यांचं बरोबर होतं. पण एका भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' आणि दुसऱ्या भिंतीवर 'साठलेलं पाणी ओता', अशा दोन भिंतींच्या मधोमध माझा ड्रम होता. शेवटी तडजोड झाली: तोंडाला मच्छरदाणीचं कापड, वर घट्ट झाकण. त्या दिवसापुरता मात्र ड्रम उलटा झालाच.

खरी गंमत पुढं. पाऊस रोज पडत होता तोवर ड्रम वरून वाहत होता आणि बागेला तो नकोच होता. काळी माती चिखल होऊन बसलेली, त्यात मामांच्या हळदीचे कंद कुजतात की काय ही वेगळीच धास्ती. ऑगस्टात उघडीप पडली, माती भेगाळली आणि बागेला पाणी हवं झालं, तेव्हा डाळ, केस, मोटारसायकल आणि बॅटरी यांनी ड्रमाचा तळ गाठला होता. इथून जवळच नरसी नामदेव. मारवाडातल्या कोरड्या विहिरीपाशी नामदेवांनी विठ्ठलाला आळवलं आणि विहीर काठोकाठ भरून वाहिली, ही कथा आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ. मी झाकण काढून नुसतं "अरे देवा" म्हणालो. आतून बेडूक आला. मच्छरदाणीतून तो आत गेला कसा, हे आशाताईंना विचारायचं राहिलं.

आता ड्रमाच्या वरच्या अंगाला भोक पाडून जादा पाण्यासाठी नळी बसवली आहे आणि ती थेट गुलाबाच्या आळ्यात सोडली आहे. पण अंगणाचा उतार काकांच्या बाजूला. गुलाब आहे तिथंच आहे. कुंपणापलीकडं काकांची पपई मात्र अशी लगडली की खोडाला टेकू द्यावा लागला. काका भले गृहस्थ. पहिली पिकलेली पपई त्यांनी आमच्याकडं पाठवली. सोबत रिकामी बाटली होती.